बीड सुटली? ऑफरोडला जाणाऱ्यांनो, या चुका टाळा

पावसाळा लागला की दर रविवारी संध्याकाळी मला कुणाचा ना कुणाचा तोच फोटो येतो. पुढचं चाक, टायर अर्धा रिमच्या बाहेर, आत चिखलाचा गोळा, बाजूला मालकाचे बूट, आणि खाली "दादा हे कसं बसवायचं". बारा-तेरा वर्षं झाली हे बघून आणि बसवून, आता खरंच कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहितो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी बीड म्हणजे काय ते, जिल्हा नव्हे. टायरची जी आतली कड रिमला लागून बसते, जिच्यात स्टीलच्या तारांचं कडं असतं, ती बीड. ट्यूबलेसमधे तिला धरून ठेवायला ना गोंद ना बोल्ट, आतली हवा तिला दाबून धरते आणि रिमवर एक बारीक उंचवटा असतो तो थोडा हातभार लावतो, बास. हवा काढली की पकड ढिली. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मे फोटो कमी होतील.

रील बघून हवा काढणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक. हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, हे खरं. पण रीलमधे कोणीतरी ८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) वाळूत उडतंय, म्हणून आपणही ८. अरे, त्याच्या रिमला बीडलॉक आहे, म्हणजे बाहेरून कडं टाकून बोल्टनी टायरची कड आवळलेली आहे, ते रीलमधे कोणी सांगत नाही.

एका जुलैत मावळातल्या एका वाटेवर गेलो होतो (नाव सांगणार नाही, सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरते). सोबत एक नवीन पोरगा, कोरी थार, १८ इंची रिमवाली, कंपनीचेच २५५/६५ टायर. आता या टायरची भिंत, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतची बाजू, साडेसोळा सेंटिमीटर, १६ इंची रिमवर २४५/७५ येतात त्यांची अठराच्या वर. भिंत कमी म्हणजे हवा काढून फुगवटा घ्यायला जागाही कमी, पण हे शोरूममधे कोण सांगतं, तिथे मोठी रिम भारी दिसते एवढंच. पठ्ठ्या मुंबईहून सरळ हायवेने आलेला, टायर तापलेले, आल्या आल्या माझ्या आधी वाकून १२ वर आणून ठेवली चारही चाकं. मी म्हटलं, "अरे एवढी कशाला?" तर म्हणे, "दादा, ग्रिप येते."

पुढे अर्ध्या तासात दोन ओढे लागले, गुडघाभर गार पाणी. तापलेला टायर गार झाला की हवा आपोआप उतरते, तीस डिग्रीचा फरक पडला तर या दाबाला दोन-अडीच पॉइंट आरामात जातात. म्हणजे साहेब १२ समजत होते आणि गाडी साडेनऊ-दहावर चालली होती. तशात तिरपा उतार आला, डावीकडे खाली, वर मुरूम आणि मुरमावर पाण्याची धार. गाडी थोडी खाली सरकली, हा घाबरला, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वर ओढलं आणि दिला अ‍ॅक्सिलरेटर. झालं. सगळं वजन खालच्या डाव्या पुढच्या चाकावर, जमीन टायरला आत ढकलतेय, रिम बाहेर जायला बघतेय, बाहेरची बीड आत सरकली आणि फस्स! गाडीचा तो कोपरा एकदम वीतभर खाली बसला. वहिनी त्याच बाजूला बसलेल्या. त्यांनी किंकाळीबिंकाळी काही मारली नाही, फक्त एकदा त्याच्याकडे बघितलं. ते बघणं तो अजून विसरला नसेल.

तिरप्या उतारावर गाडी सरकायला लागली की नाक हळूच खाली, उताराच्या दिशेला सोडायचं, वर ओढायचं नाही. आणि बीड सुटली की जिथे असाल तिथे थांबायचं. "जरा पुढे सपाटीवर घेतो" म्हणत पाच-दहा फूट जरी नेलीत तरी रिम टायरची भिंत चावून खातो, मग बसवायला काही उरतच नाही. आम्ही आधी दोघांना वरच्या दारातून बाहेर काढलं, मागून पट्टा लावून माझ्या बोलेरोला वरच्या अंगाला बांधली, चाकांना दगड लावले, मगच जॅक. आणि जॅकखाली फळी. मी फूटभराची प्लायवूडची फळी कायम मागे टाकून ठेवतो, लोक हसतात, मग चिखलात जॅक शिरला की तीच मागायला येतात.

माझे आकडे विचारत असाल तर कंपनीचे टायर, साधी रिम, बीडलॉक नाही: दगड-चिखलात १८ ते २०, वाळूत १५-१६. त्याच्या खाली फक्त अडकलो तरच, १२ पर्यंत, ते पण स्टिअरिंग सरळ ठेवून गोगलगायीसारखं बाहेर येईपर्यंत, आणि आलो की लगेच परत भरायची. जड गाडीला आणखी दोन वर ठेवा. आणि हवा काढायची ती टायर जरा निवल्यावर. तेवढ्यात चहा होतो.

घाण न काढता हवा मारणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि त्याच दिवशी. अंधार पडत आलेला, पाऊस थांबेना, सगळे घाई करतायत, टायर एकदाचा रिमवर बसला, आवाज आला, टाळ्या वाजल्या. मी वरवर फडकं फिरवलं होतं, आतल्या बाजूच्या बीडला हातच लावला नव्हता. रात्री साडेदहाला त्या थारवाल्या पोराचा फोन, दादा टोलनाक्याच्या अलीकडे उभा आहे, टायर गेला. चिमूटभर मुरूम अडकलेला, तिथून हवा हळूहळू निघत राहिली, याला कळेपर्यंत बसक्या टायरवर गाडी पळत होती, भिंत आतून भाजून पावडर. नवीन टायर. मी अर्धे पैसे देतो म्हटलं, त्याने घेतले नाहीत, पण मला ते लागलं.

तेव्हापासून माझी सवय अशी. चाक खोलून बाहेर काढतो, लावल्या लावल्या करत नाही. दोन लिटरची पाण्याची बाटली, जुना टूथब्रश, सुती फडकं. दोन्ही बीड आणि रिमची बसायची जागा, पूर्ण गोल, आणि शेवटी अंगठा फिरवून बघतो. गवताची एक काडी पुरते हवा सोडायला. अंगठ्याला तार टोचली किंवा बीड कुठे मोडल्यासारखी लागली तर तो टायर संपला, स्टेपनी लावा आणि घरी जा. मग साबणाचं पाणी, भांड्यांचं लिक्विड चालतं. ऑइल, ग्रीस, डिझेल अजिबात नाही, रबर खराब होतं आणि नंतर टायर रिमवर फिरत बसतो.

हवा भरताना वॉल्व्हची पिन, म्हणजे आतली हवा अडवणारी बारीक सुई, काढा! निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. पिन असली की हवा चिंचोळ्या वाटेने जाते आणि टायर तेवढीच बाहेर सोडत राहतो, अर्धा तास कंप्रेसर कोकलतो आणि फळ शून्य. पिन खिशात ठेवा, गवतात नाही. तरी कड धरत नसेल तर टायरच्या नक्षीवरून गोल पट्टा आवळा, रॅचेट असेल तर उत्तम, नसेल तर दोरखंड बांधून त्यात व्हीलपाना घालून पिळा, ट्रकवर माल आवळतात तसा. मधे दाबलं की कडा बाहेर फाकतात आणि रिमला टेकतात. हवा धरायला लागली की पट्टा सोडा. मग ठक... ठक, दोन आवाज यायला पाहिजेत, एक आतला, एक बाहेरचा. एकच आला तर काम अर्धं झालंय. ४० पीएसआयपर्यंत बसला नाही तर हवा सोडा, परत साबण लावा, परत करा. ४० च्या वर चढवत बसू नका, कित्येक टायरच्या भिंतीवरच तसं छापलेलं असतं, कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी. आणि भरताना चाकासमोर उकिडवं बसून आत डोकावू नका, बाजूला राहा.

काडी लावणं

डिओ किंवा पेट्रोल शिंपडून काडी लावली की "ढुप" करून टायर बसतो. बसतो, खोटं नाही. आइसलँडवाले बर्फात मोठमोठ्या टायरची हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवतात, त्यांचे असे व्हिडिओ भरपूर आहेत. पण किती शिंपडलं तर बसेल आणि किती शिंपडलं तर रिमसकट तोंडावर येईल याचं माप कोणाकडे नाही. आमच्यातल्या एकाच्या भुवया गेल्या होत्या, दोन महिने पेन्सिलने काढल्यासारखा दिसायचा, त्याला स्वस्तात पडलं म्हणायचं. जवळ पट्टा, साबण, कंप्रेसर असताना हा शॉर्टकट ज्याला सुचतो त्याच्या शेजारी मी गाडी पण लावत नाही.

याच घरातली दुसरी चूक: रिमला चीर गेली म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे टायरसकट देणं. हवा काढलेली असली तरी नाही. उष्णतेने आतल्या रबराचा गॅस होतो आणि टायर फुटतो, माणसं मेलेली आहेत यात. टायर पूर्ण उतरवूनच.

बाकीच्या पटापट:

लायटरच्या सॉकेटवरचा खेळण्यातला कंप्रेसर बीड बसवायला पुरत नाही, बॅटरीला चिमटे लावायचा घ्या आणि इंजिन चालू ठेवा.

तोही दमला तर दोन वॉल्व्हमधे नळी जोडून स्टेपनीची हवा वापरा, ती एकदम भसकन येते.

ट्यूबलेस गळतो म्हणून आत ट्यूब टाकून ऑफरोडला येऊ नका, कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून येतो.

जुन्या जीपची दोन तुकड्यांची रिम असेल तर तिच्या जोडाच्या नटना हात लावायच्या आधी पिन काढून सगळी हवा सोडा, सगळी म्हणजे सगळी.

पंक्चरवाल्याला टॉमी आणि घणाने बीड ठोकू देऊ नका, मशीनवाला शोधा, लांब असला तरी.

हवा भरून हायवेला लागलात तरी पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून त्या चाकावर हात ठेवून बघा, बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागलं तर हवा मोजा. घरी पोचलात की रात्री आकडा लिहून ठेवा आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी परत मोजा. टायर गार झाला म्हणून तीन-चार पॉइंट चारही चाकांना कमी दिसतीलच, पण ते एकच चाक बाकीच्यांपेक्षा खाली गेलेलं असेल तर ते खोलून साफ करून घ्या, आणि खोलताना तिथे स्वतः उभे राहा.