दोघांनाही चालेल असा मध्यस्थ कसा निवडावा

मध्यस्थ निकाल देत नाही. निकाल देतो तो लवाद. मध्यस्थ दोघांना तडजोडीपर्यंत आणतो, सही करायची की नाही हे शेवटपर्यंत तुमच्याच हातात असतं. म्हणूनच 'आपला माणूस' मध्यस्थ म्हणून बसवण्यात काही हशील नाही. समोरच्याचा त्याच्यावर विश्वास नसेल, तर त्याच्या तोंडून आलेला रास्त तोडगाही नाकारला जातो.

दोन्ही पक्षांनी तीन-तीन नावं लिहून एकाच वेळी एकमेकांना द्यावीत. एखादं नाव दोन्हीकडे आलं तर प्रश्नच मिटला. नाहीतर एकाने तीन नावं सुचवावीत, दुसऱ्याने त्यातलं एक उचलावं.

नाव पक्कं करण्याआधी लागेबांधे विचारा. दोघांपैकी कुणाचा तो नातलग, पूर्वीचा वकील, सल्लागार किंवा भागीदार होता का? हे त्याने लेखी कळवायला हवं. ओळख असली तरी दोघांना मान्य असेल तर चालतं. पण ती तिसऱ्या-चौथ्या बैठकीत बाहेर आली, तर तोवर जुळत आणलेलं सगळं उसवतं.

मग फोन करा, पण वादाची हकीकत सांगत बसू नका, कामाची पद्धत विचारा. अशा प्रकारचे किती वाद हाताळले? दोन्ही पक्षांशी वेगवेगळ्या खोलीत बोलता का? तिथे मी सांगितलेलं माझ्या परवानगीशिवाय पलीकडे जाईल का? (उत्तर ठाम 'नाही' हवं.) तोडगा स्वतः सुचवता, की आमच्याकडूनच काढून घेता? आणि कान उघडे ठेवा. दहा मिनिटांत 'तुमची बाजू भक्कम आहे' म्हणणारा माणूस यादीतून काढा. तो हेच पलीकडेही म्हणेल, नाहीतर तुमच्याकडे झुकलेला राहील. दोन्ही वाईटच.

विषयाची जाण किती हवी, हे वादावर अवलंबून आहे. गळक्या छताच्या भांडणात बांधकाम कळणारा, भागीदारांच्या वादात ताळेबंद वाचता येणारा बरा. घरच्या वादात मात्र ऐकून घेण्याची चिकाटी जास्त कामाला येते.

फी शक्यतो निम्मी-निम्मी वाटून घ्या. सगळी एकानेच भरली की दुसऱ्याच्या मनात संशय शिरतो. तासाचा दर, कागदपत्रं वाचण्याचा वेळ धरणार का, बैठक रद्द झाली तर किती द्यायचे, हे सगळं पहिल्या बैठकीआधी लेखी घ्या. कुणालाही मध्येच थांबता येईल, हे कलमही त्यातच घाला.