एक ‘पाव’, तीन घराणी: छोट्या शब्दाचा माग कसा काढायचा

शब्द जितका छोटा, तितका तो चकवतो. दोन-तीन ध्वनींचे शब्द कुठल्याही दोन भाषांत निव्वळ योगायोगाने सारखे निघतात, आणि मग लोक त्यांचं नातं जुळवून टाकतात. वसईला शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा मुलांना शब्दाचा माग काढायला मी ‘पाव’पासूनच लावत असे. वसईत हा शब्द घरोघरी सकाळीच येतो, आणि कणीक पायांनी तुडवतात म्हणून तो पाव, ही गोष्टही घरोघरी ऐकू येते.

पहिलं काम वहीत करायचं. शब्दाचे अर्थ लिहू नका, तो ज्यांत येतो ती वाक्यं लिहा. ‘पाव किलो रवा दे.’ ‘देव पावला.’ ‘चार पाव आण.’ आता प्रत्येक वाक्याखाली त्या शब्दाचं गोत जमवा. पाव किलोखाली पावशेर, पावकी आणि चार आण्यांची पावली येते. थोडं खणलं की सव्वा आणि पाऊणही त्याच घरातले निघतात, कारण सव्वा म्हणजे सपाद आणि पाऊण म्हणजे पादोन. ‘देव पावला’खाली पावणे हे क्रियापद आणि त्याची लेक पावती. तिसऱ्या वाक्याखाली काय? पाववाला, वडापाव, पावभाजी. नुसते जोडशब्द. ना क्रियापद, ना जुनी रूपं. ही खूण मला फार मोलाची वाटते: जो शब्द भाषेत असा एकटा उभा असतो, तो बहुधा बाहेरून आलेला असतो.

दुसरं काम ध्वनीचं. मुळाचा दावा केला की तसाच बदल झालेला आणखी एक शब्द दाखवता आला पाहिजे. संस्कृत पाद म्हणजे पाय, आणि चौथा भागसुद्धा. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळाला, आणि मराठीत एकीकडे पाय झाला, दुसरीकडे पाव. जोडीदार हवा? घात घ्या. तिथे ‘त’ गळाला आणि एकीकडे घाव आला, दुसरीकडे घायाळमधला घाय. पावणे आलं प्र-आप् या धातूपासून, म्हणजे मिळणे, पोचणे. स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो हे दीपाच्या दिव्यात दिसतंच. म्हणजे चौथा भाग आणि देवाचं पावणं ही सुरुवातीपासूनच दोन वेगळी घरं.

बेकरीतल्या पावासाठी मात्र वस्तूच्या पाठीमागे जावं लागतं. वस्तू कोणी आणली हे कळलं की शब्द कुठला ते बहुतेक वेळा कळतं. लॅटिनमध्ये पावाला पानिस म्हणत. त्याचं इटालियनमध्ये पाने झालं, स्पॅनिशमध्ये पान. पोर्तुगीजांनी मधला ‘न’ गिळून तो नाकात उच्चारला, ‘पांव’च्या जवळ जाणारा. गोवा त्यांच्या हाती १५१० साली गेला, वसई १५३४ साली. गोव्यात पाव विकणारा तो पदेर, आणि पदेरही पोर्तुगीजच, पादेइरूवरून आलेला. नाकातल्या त्या शेवटाचा मराठीत ‘आव’ होतो याला जोडीदार आहे: लेइलांवचा लिलाव झाला.

याचा ताळा जपानमध्ये मिळतो. पोर्तुगीज तिथे १५४३ साली पोचले, आणि जपानी माणूस आजही पावाला पान म्हणतो. कोरियन प्पांग जपानीतूनच गेलं. पाव हा पायावरून किंवा चौथ्या भागावरून आला असता, तर जपान्यांकडे हा शब्द कसा असता? पायांची गोष्ट मुलं इथे स्वतःहून सोडून देत.

पण जपानी पान दिसलं म्हणून आपल्या विड्याच्या पानाशी त्याची सोयरीक लावू नका. आपलं पान पर्णाचं. व्हिएतनामी बान्हसुद्धा फ्रेंचांच्या पावावरून आलं असं पुष्कळ जण म्हणतात. तो शब्द मुळात चिनी आहे, आणि तांदळाच्या पिठाच्या कितीतरी पदार्थांना तोच वापरतात.

कोश उघडायचा तो वही भरल्यावरच. आधी उघडला तर डोळा कोशाचा होतो, आपला राहत नाही. मोल्सवर्थचा मराठी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढच्या खुणा वाचायला शिका, शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे त्या सांगतात. पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्यातल्या आसगावचे दालगादो. आशियाई भाषांत गेलेले पोर्तुगीज शब्द त्यांनी १९१३ साली एका ग्रंथात गोळा केले. इतकं कष्टाचं आणि प्रेमाचं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

आता सरावाला ‘साबण’ घ्या. त्यावर पोर्तुगीज साबांवचाही दावा आहे आणि अरबी-फारसी साबूनचाही. दोन्ही शेवटी लॅटिन सापोकडेच जातात. पाव आणि लिलाव यांचा नियम इथे लावून बघा. पोर्तुगीजमधून थेट आला असता तर शेवटी ‘आव’ हवा होता. आपल्याकडे ‘ण’ टिकला आहे, तेव्हा पारडं साबूनकडे झुकतं. वहीत दोन्ही दावे लिहा आणि साबूनखाली रेघ मारा.