सोळा पानांचं मिनी-कॉमिक: झेरॉक्सवर छापा, घरी बांधा

चार ए४ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की सोळा पानांची ए५ पुस्तिका होते. वर कार्डशीटचं मुखपृष्ठ. पहिल्या कॉमिकसाठी हाच आकार घ्यावा.

आधी कोरी डमी

चित्राला हात लावण्याआधी चार कोरे कागद दुमडा आणि पानांवर पेन्सिलीने १ ते १६ आकडे टाका. मग कागद सुटे करून बघा. पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला १६ आणि १, आत २ आणि १५. दुसऱ्यावर १४-३ आणि ४-१३, तिसऱ्यावर १२-५ आणि ६-११, चौथ्यावर १०-७ आणि ८-९. एका बाजूच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १७. ती आली नाही तर क्रम चुकलाय.

पानांची संख्या चारच्या पटीतच बसते, त्यामुळे गोष्ट चौदा पानांत संपत असेल तर उरलेल्या दोन पानांचा विचार आताच करा. दोन पानांवर पसरलेलं सलग चित्र ८-९ वरच ठेवा. बाकी ठिकाणी समोरासमोरची पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात आणि चित्र सांध्यावर मिलिमीटरभर तरी सरकतंच.

मूळ पान

ए४ वर काढून ७१ टक्क्यांवर लहान केलं की ए५ होतं. रेषा नीटस दिसतात, पण अक्षरं मार खातात. पाच मिलिमीटरचं अक्षर साडेतीनवर येतं, अनुस्वार आणि रफार बुजतात, ‘घ’चा ‘ध’ वाटू लागतो. म्हणून संवादाच्या फुग्यांतली अक्षरं किमान सहा मिलिमीटर उंच आणि मोकळी लिहा. ०.३ पेक्षा बारीक पेन वापरू नका, कारण लहान होताना रेषा तुटते. पेन्सिलीची फिकट छटा झेरॉक्समध्ये उडून जाते. छटा हवीच असेल तर ठिपके किंवा तिरप्या रेघा मारा. यंत्र कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाही, म्हणून छापील पानावर चौकटी कडेपासून एक सेंटिमीटर आत राहतील असं बघा.

लहान केलेली पानं डमीच्या क्रमाने ए४ वर चिकटवा. चिकटवलेल्या कडांची सावली छपाईत काळी रेघ होऊन उमटते; तिच्यावर व्हाइटनर फिरवा.

छपाई

दुकानात ‘पाठपोट’ सांगा. फाइलवरून छापत असाल तर कागद आखूड कडेवर उलटायची सेटिंग हवी. लांब कडेवर उलटला तर मागची पानं डोक्यावर उभी छापली जातात. सगळ्यात जास्त कागद याच चुकीत वाया जातो, म्हणून आधी एकच प्रत काढा, तिथेच दुमडून वाचा, मगच बाकीच्या सांगा. आतल्या पानांना ७५ किंवा ८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. मुखपृष्ठाला १७० च्या आसपास घ्या.

घडी आणि पिना

जाड कागदाला धागा, म्हणजे तंतूंची एक दिशा, असतो. हलकेच दोन्ही दिशांनी वाकवा. ज्या दिशेने सहज वाकतो त्या घडीला समांतर धागा. मुखपृष्ठाची घडी तशीच यायला हवी, आडवी आली तर कागद फाटल्यासारखा दिसतो आणि काळा टोनर तडकतो. कार्डशीटवर घडीच्या जागी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी खाच पाडा.

साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा नसेल तर पुस्तिका उघडी, मुखपृष्ठ वर करून थर्मोकोलवर ठेवा, स्टेपलर पूर्ण उघडा आणि घडीच्या रेषेवरच, वरून व खालून पाच सेंटिमीटरवर दोन पिना दाबा. पुस्तिका अलगद सोडवून पिनांची टोकं आतून चमच्याच्या पाठीने मिटवा. पिन घडीवरून दोन मिलिमीटर जरी हलली तरी पानं नीट मिटत नाहीत.

पिनेऐवजी दोरा जास्त देखणा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, अर्धा मीटर जाड दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा.

दुमडल्यावर मधली पानं किंचित बाहेर डोकावतात. स्टीलच्या पट्टीला धरून नव्या पात्याच्या कटरने मोकळ्या कडेचे दोन मिलिमीटर कापा. एकाच दमात जोर लावला तर पातं घसरतं, पाच-सहा हलके फटकारे मारा.