माणसं जोडताना या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. रात्री-अपरात्री अडलेला माणूस आधी माझीच बेल वाजवायचा. त्यामुळे गर्दीच्या मुंबईत माणसं एकटी कशी पडतात ते मी जवळून पाहिलंय. चुका ठरलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय: ग्रुपवर मदत मागणं. चार पावसाळ्यांपूर्वी रात्री सव्वाअकराला आई मोरीत घसरली, घोटा मोडला. बायको माहेरी, लिफ्ट बंद, आम्ही चौथ्या मजल्यावर. ग्रुपवर टाकलं, ‘आई पडलीय, कोणीतरी या.’ सभासद एकशे ऐंशी. दोन मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘काळजी घ्या’ झालं, ‘स्वामी आहेत पाठीशी’ झालं, एकानं तर हाडवैद्याचा पत्ता पाठवला. वर कोणी आलं नाही. वीस मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या तात्यांना फोन लावला, ‘तात्या, प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर या.’ तात्या बनियनवरच आले, सोबत दोन्ही मुलगे. आईला खुर्चीत बसवून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी जो तो म्हणे, ‘मला वाटलं, कोणीतरी गेलं असेल.’ खोटं बोलत नव्हते. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोगातून हेच दाखवलं होतं: बघणारे वाढले की प्रत्येकाची जबाबदारी पातळ होते. तेव्हापासून माझी सवय एकच. फोन करायचा, नाव घ्यायचं, काम सांगायचं. ग्रुप पाणी कधी येणार ते विचारायला.

दुसरी चूक म्हणजे कोणाकडे काहीच न मागणं. ‘आम्ही कोणाला त्रास देत नाही’ हे अभिमानानं सांगणारे लोक मला कळत नाहीत. चाळीत विरजण संपलं की शेजारी वाटी जायची. आता दहा मिनिटांत दही दारात येतं, शेजारीण मात्र येत नाही. मी मुद्दाम मागतो. शिडी, ड्रिल मशीन, गावाला जाताना तुळशीला पाणी. आणि आलेला डबा रिकामा परत करत नाही, निदान चार लाडू तरी घालतोच.

घाई ही तिसरी. एक नवा भाडेकरू मुलगा म्हणाला, ‘काका, इथली कम्युनिटी कशी जॉइन करायची?’ म्हटलं, गणपतीत खुर्च्या उचलायला ये. आला थेट आरतीला. सेल्फी काढला, प्रसाद घेतला, गेला. पुढे म्हणतो, मुंबईत माणुसकी नाही! जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं २०१८ मध्ये अंदाज मांडला की साध्या मैत्रीला पन्नासेक तास लागतात आणि जिवलग व्हायला दोनशेच्या वर. सुट्ट्या सोडून रोज तासभर एकाच लोकलच्या एकाच डब्यात उभे राहिलात, तर दोनशे तासांना आठ महिने लागतात. तेही कानातले इअरफोन काढले तर.

बाकीच्या चटकन सांगतो. घराची जादा चावी पुण्याच्या भावाकडे ठेवू नका. सगळे मित्र आपल्याच वयाचे नकोत, साठीनंतर सगळ्यांचे गुडघे एकदमच जातात. रक्तदाते दोनच ठरवून निर्धास्त राहू नका, एकदा रक्त दिलं की पुरुषाला ९० आणि बाईला १२० दिवस थांबावं लागतं. एकाच मैत्रिणीला रोज रात्री दोनला रडून उठवू नका, तिलाही सकाळी ऑफिस असतं. त्या वेळेसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि नंबर फक्त मोबाइलमध्ये नकोत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मोबाइल ठप्प झाले, आणि बायकोचा ऑफिसचा नंबर मला पाठ नव्हता. आता सात नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलेत. तात्यांचा सगळ्यात वर, लँडलाइनसकट.