साडेनऊ की साडेदहा? परदेशी टीमबरोबर काम सुरू करताना

आयटीत नवीन लागलं की कोणीतरी सीनियर सांगतोच, ‘न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, लक्षात ठेव.’ माझा सल्ला उलटा आहे: हा आकडा पाठ करू नका. तो फक्त हिवाळ्यात खरा असतो, एरवी फरक साडेनऊ तासांचा. पाठ करायचंच तर प्रत्येक गावाचं यूटीसीपासूनचं, म्हणजे जगभरची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या प्रमाणवेळेपासूनचं, अंतर करा. आपण बारा महिने साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. कुठलीही वेळ आधी यूटीसीत न्यायची, मग आपल्याकडे आणायची. न्यूयॉर्कचे जानेवारीतले सकाळचे ९ म्हणजे यूटीसी १४:००, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, म्हणून तो अर्धा तास. नेपाळवाले तर पावणेसहा तास पुढे आहेत, त्यामानाने आपलं सोपं.

खरी कसोटी मार्चमध्ये लागते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. २०२५ मध्ये या तारखा ९ आणि ३० मार्च होत्या. मधले तीन आठवडे लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा झाला. न्यूयॉर्कच्या ९ वाजताचा कॉल आपल्याला साडेसातऐवजी साडेसहाला आला आणि लंडनवाल्यांना दोनऐवजी एकला, ऐन जेवणाच्या वेळी. महिनाअखेरीस लंडनचे पुन्हा दोन वाजले, आपले साडेसहाच राहिले. ऑक्टोबरच्या शेवटी हाच घोळ आठवडाभर होतो, कारण तेव्हा ब्रिटन आधी घड्याळ मागे घेतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ॲरिझोनाचा बहुतेक भाग तर घड्याळाला हातच लावत नाही.

म्हणून नवीन कॉल ठरताना मी पहिल्यांदा विचारते, निमंत्रण कोणत्या गावाच्या वेळेला बांधलंय? कॅलेंडरमध्ये ते पुण्याच्या वेळेवर असेल तर आपलं साडेसात हलत नाही, मार्चमध्ये न्यूयॉर्कवाल्यांना दहा वाजता यावं लागतं. घरी लहान मूल असेल किंवा शेवटची बस पकडायची असेल तर हे सुरुवातीलाच बोलून घ्या. नव्या माणसाने असं विचारणं आगाऊपणा वाटतो, पण कोणी मनावर घेत नाही.

मेलमध्ये भारतीय प्रमाणवेळेसाठी ‘आयएसटी’ लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. ‘पुणे वेळ’ किंवा ‘न्यूयॉर्क वेळ’ लिहा, सोबत तारीख आणि वार. कॅलिफोर्नियाचा ‘शुक्रवार संध्याकाळी ५’ उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच असतो. रात्री १२ ची मुदत कोणी दिली तर आजची की उद्याची हे विचाराच. मी स्वतः ११:५९ लिहिते.

आणखी एक गोष्ट रिपोर्ट बनवणाऱ्यांसाठी. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेली ऑर्डर तिथे आदल्या दिवसाच्या खात्यात पडते. दिवसाचा हिशेब जुळत नसेल तर क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) नव्याने लिहिण्याआधी तारीख कोणत्या वेळेवर कापली आहे ते पाहा. साठवताना यूटीसी आणि दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ (संगणकातलं भारतीय वेळेचं नाव) ठेवलं, की यातली बरीच डोकेदुखी टळते.