मित्रांना ‘कागुया’ दाखवायचाय? मग शेवट आधीच सांगा

जपानी अ‍ॅनिमेशन म्हटलं की ज्यांना फक्त मारामाऱ्या आणि मोठाले डोळे आठवतात, अशा मित्रांसाठी माझी निवड ठरलेली आहे: इसाओ ताकाहाता यांचा ‘राजकन्या कागुयाची गोष्ट’. स्टुडिओ घिब्लीचा हा चित्रपट २०१३ साली आला आणि २०१५ च्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं. ताकाहाता २०१८ मध्ये गेले. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट. मला तो इतका प्रिय आहे की घाईघाईत कुणाला दाखवून वाया घालवावा असं वाटत नाही. म्हणून थोडी तयारी.

आधी गोष्ट सांगा

जेवता जेवता सांगा, पाच मिनिटं पुरतात. एक म्हातारा बांबू तोडून पोट भरतो. एके दिवशी त्याला एक बांबू उजळलेला दिसतो आणि त्यात सापडते जेमतेम ९ सेंटिमीटरची मुलगी. पुढे बांबूतून सोनंही मिळायला लागतं. मुलगी भराभर वाढते, तिच्या रूपाची कीर्ती पसरते, पाच बडे उमराव मागणी घालतात. ती प्रत्येकाला अशक्य अशी वस्तू आणायला सांगते. सम्राटालाही नकार देते. आणि आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला चंद्रावरचे लोक येऊन तिला घेऊन जातात.

हो, शेवटासकट सांगा. मी पहिल्यांदा दाखवला तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. चंद्राचा उल्लेख येताच एक मैत्रीण म्हणाली, “हे कुठून आलं मध्येच?” आणि शेवटची वीस मिनिटं तिच्या हातून निसटली. जपानी प्रेक्षकाचं असं होत नाही. ही कथा हजारेक वर्षं जुनी आहे. अकराव्या शतकातल्या ‘गेंजी’ या ग्रंथात तिला सगळ्या कथांची पूर्वज म्हटलंय. तिथली मुलं ती चित्रांच्या पुस्तकांतून ऐकत मोठी होतात. मुलगी जाणार, हे थिएटरात शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोस्टरवर वेगळाच मुद्दा होता: राजकन्येचा गुन्हा आणि तिची शिक्षा. मूळ कथेत ती स्वतःच्या गुन्ह्यापायी पृथ्वीवर पाठवली गेली असं येतं, पण गुन्हा कोणता ते येत नाही. ताकाहातांनी तिथेच बोट ठेवलं. तुम्हीही हा प्रश्न मित्रांना द्या. उत्तर मात्र सांगू नका, ते चित्रपटात आहे.

बैठक

तीन-चार जण पुरे. लांबी १३७ मिनिटं आहे, तेव्हा जेवण आधी उरका. मध्यंतर हवंच असेल तर कुटुंब डोंगरातलं घर सोडून राजधानीतल्या वाड्यात येतं तिथे घ्या. त्यानंतर थांबू नका. भाषा जपानीच ठेवा, खाली सबटायटल्स. या चित्रपटात आवाज आधी ध्वनिमुद्रित झाले आणि चित्रं नंतर काढली गेली, त्यामुळे म्हाताऱ्याचा हुंदका आणि चेहऱ्यावरची रेघ एकाच श्वासात येतात. त्याला आवाज देणारे ताकेओ चिई २०१२ मध्ये, चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच वारले. हे मी मित्रांना दरवेळी सांगतो.

चित्रं ‘अपुरी’ का दिसतात

सुरुवातीच्या दहा मिनिटांत कुणीतरी हे विचारतंच. पार्श्वभूमी जलरंगातली, कडेला कागद कोरा सोडलेला, रेघा कोळशाने ओढल्यासारख्या. तेव्हा लांबलचक उत्तर देऊ नका. “नामकरणाच्या मेजवानीपर्यंत थांबा” एवढंच म्हणा. त्या मेजवानीत पडद्याआड बसलेल्या मुलीच्या कानावर पाहुण्यांचं उर्मट बोलणं पडतं आणि ती धावत सुटते. दारं फोडत, अंगावरची वस्त्रं एकामागून एक टाकत, रानाकडे. तिच्याबरोबर चित्रसुद्धा फाटत जातं. चेहरा, झाडं, वाट, नुसत्या ओरबाडलेल्या रेषा उरतात. घोटीव, गुळगुळीत चित्रात हा राग मावलाच नसता. हे दृश्य पाहिल्यावर तो प्रश्न पुन्हा कुणी विचारलेला मला आठवत नाही.

दोनच ठिकाणी बोला

एक, भुवया उपटणं आणि दात काळे करणं. जुन्या जपानात घरंदाज बाईच्या सौंदर्याची ती रीत होती. हे माहीत नसेल तर कागुयाचा विरोध नुसता लाडिक हट्ट वाटतो.

दुसरं, पाच उमराव. एकाला आणायला सांगितलेली वस्तू म्हणजे आपल्या भारतातलं बुद्धाचं दगडी भिक्षापात्र! इथे खोलीत हसू फुटतं, फुटू द्या. मूळ कथेत कागुया स्वतःच अटी घालते. चित्रपटात मात्र उमरावच तिला त्या दुर्मीळ वस्तूंच्या उपमा देतात आणि ती म्हणते, मग आणून दाखवा. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातल्या एकाचा जीव जातो तेव्हा ते तिला किती लागतं, हे आपल्याला पटतं.

शेवट आणि त्यानंतर

चंद्रावरची मंडळी ढगावरून येतात तेव्हा संगीत आनंदी, अगदी नाचरं आहे. काहींना ते खटकतं. जपानी बौद्ध चित्रांत मरणाऱ्या माणसाला न्यायला अमिताभ बुद्ध असेच ढगावरून, वाद्यं वाजवणाऱ्या बोधिसत्त्वांसह उतरतात. हे आधी सांगू नका. ते खटकणं तसंच राहू द्या, नंतर सांगा.

श्रेयनामावली सुरू झाली की दिवा लावू नका, गाणं संपू द्या.

मग चहा ठेवा आणि पहिला प्रश्न तोच विचारा: तिचा गुन्हा काय होता? आमच्याकडे यावर रात्री दीड वाजेपर्यंत वाद झालाय. बोलणं ओसरलं की चित्रपटाने गाळलेला मूळ कथेचा शेवट सांगा. जाताना कागुया सम्राटासाठी पत्र आणि अमरत्वाचं औषध ठेवून जाते. ती नसताना अमर होऊन करायचं काय, म्हणून तो दोन्ही आकाशाला सगळ्यांत जवळच्या डोंगरावर जाळायला लावतो. त्या डोंगराला फुजी म्हणतात, आणि तो धूर अजून ढगांत चढतोय, असं कथा सांगते.