देणगीतून वास्तू बांधताय? आधी उतार मोजा
मी व्हीलचेअरवर फिरते, म्हणून सुरुवात रॅम्पपासून. १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी हवीच. जागा नाही म्हणून चढ तीव्र करू नका. दोन्ही बाजूंना धरायला कठडा. दार ९० सेंटीमीटर, उंबरठा नको. स्वच्छतागृहात खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळं सोडा. एकदा मला आत वळताच येईना, दार उघडं टाकून उलटंच बाहेर यावं लागलं. नकाशा पक्का करण्याआधी जमिनीवर खडूने आखा आणि आमच्यापैकी दोघा-तिघांना त्यावर फिरवून बघा.

देखभालीचंही आधीच ठरवा. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयासाठी पैसे देताना बहुधा अट घालत: जागा गावाची, शिवाय देणगीच्या १० टक्के रक्कम गावाने दरवर्षी खर्चायची.